बाईंकडून शिकलेले शब्द

लोणावळ्यात माझे वडील ज्या बंगल्यावर माळीकाम करत, तिथे मुंबईतल्या एका जपानी कापूस व्यापाऱ्याचे बिऱ्हाड होते. त्या साहेबांच्या बाईंना तेव्हा मूल नव्हते. मी बागेत खेळत असलो की त्या मला जवळ बोलवून त्यांच्या भाषेत बोलत. पुढे त्यांना मुलगी झाली आणि वर्षभरातच त्या वारल्या. मुलगी माझ्या आईच्या कडेवर वाढली. साहेब रविवारी मुंबईहून आले की ती आईच्या पदराआड लपे.

मी पुण्याला कॉलेजात गेलो, त्या वर्षीच्या सुट्टीत साहेबांनी तिला जपानला आजीकडे नेऊन ठेवायचे ठरवले. तिला मराठीखेरीज काही येत नव्हते.

"माझ्याजवळ ती बसत नाही," ते मोडक्या हिंदीत म्हणाले. "आजीशी बोलण्यापुरतं तू शिकव."

मी हो म्हणालो खरा, पण आकडे चारापुढे आठवेनात.

"दादा, तुलाच न्हाई येत!"

"येतं गं. जरा विसरलोय."

"मंग मावशीला इचार."

आई तांदूळ निवडत होती. "मला कुटं येतंय बाय! मी आपली मावळातली."

हळूहळू काही शब्द आठवले. ये, जेव, झोप, रडू नको. बाई ज्या सुरात म्हणत, त्याच सुरात मी ते शिकवले.

रविवारी मी तिला साहेबांपुढे उभे केले. "ओइदे," ती म्हणाली. ये. मग, "ताबेनासाइ." जेव.

साहेबांनी हातातला कप खाली ठेवला.

"हे आईनं लेकराला म्हणायचं," ते म्हणाले. "आजीला असं म्हणत नाहीत."

मी ओशाळलो. बरोबर काय ते सांगा, पुन्हा शिकवतो, म्हणालो. त्यांनी मान हलवली.

"राहू दे. तिची आई असंच म्हणायची."

निघायच्या दिवशी आम्ही स्टेशनवर गेलो. आईने मला बाजूला घेतले. "माघारी ये, हे त्यांच्यात कसं म्हंत्यात रं?"

'माघारी' मला येत नव्हते. जेवढे येत होते तेवढे सांगितले.

गाडी सुटायच्या आधी आई खिडकीशी जाऊन म्हणत राहिली, "ओइदे, ओइदे."

"आले गं मावशी!" म्हणत पोर बाकावरून उतरून दाराकडे धावली. साहेबांनी तिला उचलून आत नेले. गाडी दिसेनाशी झाली तरी तिचे रडणे मला ऐकू येत आहे असे वाटत होते.

घरी येताना आईने विचारले, "नीट म्हनले न्हवं मी?"

"व्हय," मी म्हणालो.