जास्वंदीला बांधीचं पाणी

"साहेब, जिती हाये का मेली, तेवढं सांगा. उद्या आमच्या याईनं उपटाले गडी बोलावले."

मी मोटारसायकलवरून उतरायच्या आत शेवंताबाईंनी मला गाठलं. गोष्ट सत्तरच्या दशकातली. तुमसरला मी हॉर्टिकल्चर असिस्टंट होतो, म्हणजे सरकारी खात्यातला झाडांचा माणूस. भाताच्या मिलचे मालक मारोतराव हे शेवंताबाईंचे यजमान. बंगल्यासमोर जास्वंदीचं लांबलचक कुंपण. एकोडीच्या माहेराहून फांद्या आणून बाईंनी ते स्वतः वाढवलेलं. आमच्याकडे क्वचितच पडते तशी थंडी पडली, दहिवर गोठलं आणि सकाळी सगळं कुंपण काळंठिक्कर!

"नव्या मिलच्या उद्घाटनाले पाहुणे येऊन राहिले," मारोतराव म्हणाले. "दारात मसणवटा कायले ठेवू?"

मी पुढे झालो आणि बूट चिखलात रुतला. मारोतरावांनी कुंपणाभोवती धुरे, म्हणजे मातीचे बांध घालून चक्क धानाची बांधी, भाताचं खाचरच केलं होतं! पाणी तुडुंब, वर युरिया.

"धान पिवळं पडलं का आमी हेच करतो."

"मारोतराव, हे धान आहे का?"

"झाडच तं हाये!"

मी धुरे फोडायला लावले. पानं करपली की झाड फारसं पाणी ओढत नाही. मुळांशी पाणी साचलं तर ती कुजतात. युरियानं अवेळी कोवळी फूट येते आणि पुढच्या थंडीत तीही जाते.

मग स्क्रॅच टेस्ट. नखानं साल किंचित खरवडायची. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत, तपकिरी दिसलं तर मेलेली. शेंड्याला तपकिरी. मधे तपकिरी. बाईंचा श्वास मला ऐकू येत होता. मी चक्क आडवा झालो आणि बुडाशी खरवडलं.

"हिरवं!" मी ओरडलोच. दुसरं झुडूप, हिरवं. तिसरं, हिरवं! बाई माझ्या पुढे पळत खरवडत सुटल्या.

"मंग वरचं छाटून टाकू?" मारोतरावांनी लगेच कोयता मागवला.

"हात लावू नका! करपलेला भागच खालच्याला पांघरूण आहे. बुडाशी तणीस, पेंढा असेल तो पसरा आणि होळीपर्यंत थांबा. नाही फुटलं तर मीच उपटीन."

उद्घाटन त्या काळ्या कुंपणासमोरच झालं. पाहुण्यांनी नाकं मुरडली. मारोतराव माझ्यावर धुमसत राहिले, पण थांबले.

होळीच्या आधी ते ऑफिसात घुसले ते धापा टाकतच. "चाला, साहेब! आत्ताच्या आत्ता!"

बुडाशी पोपटी फुटवे तरारून आले होते. शेवंताबाई रडत होत्या, हसतही होत्या. "एकोडीची हाये, साहेब. अशी कशी मरन?" मीही इतका खूश झालो की डोळ्यांतलं पाणी लपवायचं सुचलं नाही. मग वरचं मेलेलं सगळं जिवंत डोळ्यापर्यंत छाटलं.

पुढच्या हिवाळ्यात मिलवर गेलो, तर तांदळाचा ट्रक अडकून पडलेला आणि मुनीम कपाळाला हात लावून बसलेले. गारठा वाढला म्हणून मारोतरावांनी तांदूळ भरायची रिकामी पोती, मिलचा सगळा बारदाना जास्वंदीवर घातला होता.

तेव्हापासून नव्या असिस्टंटांना मी एकच सांगत आलो. करपलेलं झाड बघायला गेलात, तर आधी मालकाचे हात धरा.