यात पाणी असणार

सर काचेची बारीक नळी खिडकीच्या उजेडात धरायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "यात पाणी असणार."

हे ते दुधाबद्दलही म्हणत, बातमीबद्दलही आणि कोणी त्यांची स्तुती केली तर तिच्याबद्दलही. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या सरांना मात्र या संशयाचा पगार मिळे.

ऐंशीच्या दशकात नाशिकच्या एका कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते. विषय वणीकडच्या धावड्याच्या डिंकाचा. डिंक म्हणजे साखरेच्या कड्यांची लांब, फाटे फुटलेली साखळी. कोणती कडी कुठे जोडली आहे ते एनएमआरच्या यंत्रावर कळे, आणि यंत्र होतं मुंबईला. नमुना साध्या पाण्यात पाठवून उपयोग नसे. आलेखावर पाण्याच्या मोठ्या खुणेखाली साखरेच्या बारीक खुणा गाडल्या जात. त्यासाठी जड हायड्रोजनचं, परदेशातून मागवलेलं पाणी लागे.

ती बाटली सरांच्या कपाटात कुलपात असे; नमुना भरण्यापुरती मला मिळे. तिच्यावरची इंग्रजी चिठ्ठी खरवडून त्यांनी स्वतः लिहिलेली चिकटवली होती, 'जड पाणी'.

"इंग्रजी दिसलं की हात लागतात," ते मला म्हणाले. "मराठीकडे तुम्ही कॉन्व्हेंटवाले बघतही नाही."

माझाही ड्रॉवर कुलपातच असे.

एका वर्षी दसऱ्यानंतर मुंबईहून आलेल्या आलेखावर एकच डोंगर होता, पाण्याचा. पुन्हा पाठवलं, पुन्हा तोच डोंगर.

"नमुना वाळवला नाहीत."

"वाळवला, सर."

"मग बाटली उघडी ठेवलीत. की कोणाला दिलीत?"

माझी शिष्यवृत्ती त्यांच्या सहीवर पुढे चालणार होती, नाहीतर घरी बसायचं होतं. सहीचा कागद त्यांनी पेपरवेटखाली सरकवला. "आधी पाणी कुठून आलं ते सांगा."

लादी पुसणाऱ्या मावशी दारातूनच म्हणाल्या, "त्या कपाटातल्या बाटलीतलं व्हय? ते गंगेचं हाय, सर."

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

"खंडेनवमीला पूजेसाठी तुम्हीच कपाट उघडून दिलं व्हतं ना? बाटलीवर लिव्हलेलं, जड पाणी. आमच्या सातपूरला बोअरला तसलंच येतं. डाळ शिजत नाय त्यात. म्हनलं, सरांचं तरी काय शिजनार? दिलं ओतून. सकाळीच गंगेवरून आनलं व्हतं, ते भरलं."

सरांनी बाटली काढली, खिडकीकडे धरली, एक डोळा मिटला.

"कुठे ओतलंत, मावशी?"

"तुळशीला."

"कशी आहे तुळस?"

"लय फुटलीय."

सरांनी कागद ओढला आणि सही केली. माफी वगैरे काही मागितली नाही. नवी बाटली आल्यावर मी नमुना भरून दिला, तेव्हा मात्र त्यांनी नळी खिडकीकडे धरली नाही. तशीच डब्यात ठेवली. त्यानंतर माझी एकही नळी त्यांनी उजेडात पाहिली नाही.

सर गेले त्या वर्षी त्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. मागच्या कोपऱ्यात ती जुनी बाटली होती, भरलेली. चिठ्ठीवरचा 'जड' हा शब्द त्यांनी खोडला होता.

मी ती खिडकीच्या उजेडात धरली. एक डोळा मिटला. आत पाणीच होतं.