बर्गीचा वाटा

हावड्याचा पूल मला दिसलाच नाही. नागपूरहून रात्रभर मेलमध्ये आखडून बसलेली मी टॅक्सीच्या काचेला नाक लावून होते, पण बाहेर नुसतं धुकं. त्यात कुठे एखादी लोखंडी तुळई दिसायची आणि विरून जायची. खाली गंगा आहे असं वसंता, माझा धाकटा भाऊ, सांगत होता. "ताई, नमस्कार कर," म्हणाला. मी धुक्यालाच नमस्कार केला.

वसंता केंद्र सरकारच्या नोकरीत. बदली होऊन बालीगंजच्या एका फ्लॅटमध्ये राहायला आलेला. पहिले दोन दिवस मी काली, चिडियाखाना (प्राणिसंग्रहालय) आणि संग्रहालय असं सगळ्यांसारखं पाहून घेतलं. सकाळी कोळशाच्या चुलींचा निळा धूर गल्लीभर पसरायचा, संध्याकाळी दिवे जायचे, आणि अंधारात कुठल्याशा गच्चीवरून पेटीचे सूर यायचे. मी जागी आहे की गाडीतच डुलक्या घेतेय, हेच मला कळेना.

तिसऱ्या दिवशी लेले मास्तर आले. यांचा जन्म कलकत्त्याचा, उभी हयात इथल्या शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. मराठी अगदी शुद्ध बोलतात, पण बंगाली रसगुल्ल्यासारखं गोल गोल. गावाकडून कोणी पाहुणा आला की त्याला आपल्या माणसांच्या खुणा दाखवायला नेणं हा त्यांचा छंद.

"बागबाजारला मराठा डिच लेन आहे," ते म्हणाले. "आपल्या फौजा येणार म्हणून कलकत्त्याच्या लोकांनी घाबरून खंदक खणला होता. सगळा बुजला, पण एका घरामागे त्याचं एक तळं शिल्लक आहे, असं ते लोक सांगतात. थंडी सरली की तेही बुजवून जागा विकणार आहेत. मी म्हणतो, तिथे शिळा लावा. मराठी माणसं मुद्दाम बघायला येतील, मग कोण बुजवतंय! आज विचारायला जायचंय. ताई, तुम्ही चला. पाहुणे येतात हे दिसू दे त्यांना."

लोकलने सियालदहला उतरलो. सीमेपलीकडून आलेली कुटुंबं तिथे फलाटावर चुली मांडून बसली होती. एक बाई आपली पितळी कळशी पोटाशी धरून झोपली होती. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मास्तरांनी मला हाताला धरून ट्राममध्ये चढवलं. ट्राम अशी रमतगमत चालली होती, की उतरून चालू लागले असते तर आधी पोचले असते. पण उतरावंसं वाटेना.

घर चांगलं भक्कम, हिरव्या झडपांच्या खिडक्यांचं. दार उघडलं नीहारदींनी. दी म्हणजे ताई. माझ्याच वयाच्या, लग्न न केलेल्या, शाळेत मुख्याध्यापिका. घर त्यांच्या शब्दावर चालतं हे पाहताक्षणी कळलं. त्यांचा धाकटा भाऊ प्रबीरबाबू मागे उभा. तळं बुजवायचा बेत त्याचा. त्या दिवशी त्यांच्याकडे नवान्न (नव्या तांदळाचा सण) होतं. नवे तांदूळ, दूध, केळं, नारळ आणि नोलेन गूड (खजुराच्या रसाचा नवा गूळ) असं कालवून त्यांनी वाट्या पुढे केल्या. काय तो वास! मी दुसऱ्यांदा मागून घेतलं. लाजायचं काय त्यात?

मग पुकूर (तळं) पाहायला मागे गेलो. इवलंसं, शेवाळी पाणी, कडेला सुपारीची झाडं, आणि वर दुपारचं पिवळं ऊन तरंगत असलेलं. शहराचा आवाज तिथवर पोचतच नव्हता. मी भारावून एक पायरी खाली उतरले आणि धप्पकन कमरेपर्यंत पाण्यात! आली का पंचाईत. नीहारदींनी हसू दाबत मला बाहेर ओढलं आणि आपली लाल काठाची पांढरी साडी नेसायला दिली.

पदर सावरत मी बाहेर येते, तर मास्तर शिळेसाठी लिहून आणलेला मजकूर बंगालीत वाचून दाखवत होते. मला त्यांनी मराठीत सांगितला: "मराठ्यांच्या पराक्रमापुढे कलकत्ता जिथे थरथरलं, ते हे ठिकाण." ऐकून माझीही मान जरा ताठ झाली, खोटं कशाला बोलू. पण नीहारदींचा चेहरा दगडासारखा झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"थरथरलं कोण, ठाऊक आहे मास्टरमशाय?" त्या म्हणाल्या. मास्तर खाली मान घालून मला त्यांचं एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. "आमची माणसं. बर्गींनी (बारगीर, म्हणजे मराठी घोडेस्वार) बर्दवानकडच्या आमच्या गावाला आग लावली. धानाची कोठी जळली. पळत येताना दोन लेकरं वाटेत उपाशी मेली. तेव्हापासून या घरात नवान्नाला एक वाटा बर्गीचा काढतात. संध्याकाळी घाटावर ठेवतात. तुमचं आधीच घ्या, पण घर जाळू नका म्हणून. सकाळी तो कावळे खातात. आणि तुम्ही इथे पराक्रम लिहिणार?"

प्रबीरबाबू म्हणाला, "म्हणून तर म्हणतो दीदी, बुजवून टाकू. कशाला ही आठवण?"

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. इतक्या वर्षांची इच्छा त्यांनी स्वतःच्याच हाताने बुडवली होती. तेवढ्यात नीहारदी माझ्याकडे वळल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "आपका गाँव?"

मास्तर जोरात खोकले. पुणे सांगा, मुंबई सांगा, असं त्यांचे डोळे विनवत होते. पण ज्या घरचं गोड खाल्लं, ज्या घरची साडी अंगावर, तिथे खोटं बोलू? त्या फौजा आमच्याच गावाहून निघाल्या होत्या. "नागपूर," मी म्हटलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सियालदहची ती कळशीवाली बाई डोळ्यांपुढून हलेना.

दिवेलागण झाली. नीहारदींनी शंख फुंकला, घाटावर पणती ठेवली आणि काशाच्या वाटीत कोरडा नवा तांदूळ घेऊन आल्या. पायरीशी वाकल्या, थांबल्या, आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"इतक्या पिढ्या ठेवत आलो," त्यांचे शब्द मास्तर मला हळूच मराठीत सांगत होते, "मागायला कधी कोणी आलं नव्हतं. आज आलंय. घ्या."

मी पदर पसरला. त्यांच्याच साडीचा. तांदूळ ओटीत पडला, आणि सवयीने माझा हात आत गेला. चार दाणे उचलले आणि त्यांच्या वाटीत परत ठेवले.

"ए की?" नीहारदी दचकून म्हणाल्या. हे काय?

"आमच्यात ओटी घेतली की चार दाणे परत देतात," मी म्हटलं. "देणारीचं घर रिकामं राहू नये म्हणून."

मास्तरांनी ते बंगालीत सांगायला घेतलं. दोनदा अडखळून त्यांनी ते वाक्य पुरं केलं. नीहारदी वाटीतल्या त्या चार दाण्यांकडे किती तरी वेळ पाहत होत्या. पणतीचा उजेड पाण्यावर हलत होता. मग त्या भावाला म्हणाल्या, "प्रबीर, पुकूर राहू दे. पुढच्या नवान्नाला ही आली, तर वाटा कुठे ठेवू?"

प्रबीरबाबूने एक लांब सुस्कारा सोडला. "बरं. मग शिळेवर काय लिहायचं?"

"लिहा, इथे वाटा ठेवतात," नीहारदी म्हणाल्या. "बंगालीत आणि मराठीत. बाकी काही नको."

मास्तरांनी आपला मजकूर घडी करून खिशात घातला आणि चष्मा पुसत बसले. परतताना ट्राममध्ये ते एकदाच बोलले: "ताई, एवढी वर्षं मुलांना इतिहास शिकवला, पण या घरी कधी विचारलं नाही हो." ओटीतल्या तांदळाचा वास येत होता, आणि बाहेर दिवे गेलेल्या रस्त्यावर धुकं पुन्हा उतरत होतं.

नागपूरला घरी आल्यावर मी त्या तांदळाची खीर केली. आमच्याकडच्यांनी वाटी चाटून पुसून संपवली आणि कुठला तांदूळ म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं. पुढच्या हिवाळ्यात मी गेले. शिळा लागली आहे, तळ्यावर तेच पिवळं ऊन आहे.

आता नागपुरातून कोणी कलकत्त्याला निघालं की मी त्याला काली सांगते, प्राणिसंग्रहालय सांगते, आणि बागबाजारचं ते घर सांगते. म्हणते, आपला वाटा ठेवलेला असतो तिथे, घेऊन या. पण चार दाणे परत ठेवल्याशिवाय पाय उचलू नका. ते आपण फार उशिरा द्यायला लागलोय.