भोंगवलीतला खेळ आणि शेखसर

भोरच्या कॉलेजात मी नवी रुजू झाले तेव्हा इतिहासाचे शेखसर मला पहिल्यांदा भेटले. ओळखपाळख व्हायच्या आधीच त्यांनी माझ्या हातात सुतळीचे बंडल दिले. चित्रपट मंडळाचा दुपारचा खेळ होता, अंधारासाठी खिडक्यांना चादरी बांधायच्या होत्या. नाव त्यांनी चहाच्या वेळी विचारले.

निवृत्तीनंतर सरांनी हे मंडळ वेल्ह्यापासून हिर्डोशीपर्यंत नेले. प्रोजेक्टर मांडीवर घेऊन ते एसटीने जातात. सर वक्ते नाहीत, हे त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहितानाही सांगायला हवे. मध्यंतरात ते फक्त एक प्रश्न विचारतात, "यातलं आपल्यासारखं कोण वाटलं?" हिर्डोशीला एक आजी म्हणाल्या होत्या, "ती भांडी घासनारी. तिच्याकडं कुनी बघतच न्हाई." सरांनी मान डोलावली.

त्यांचा आवडता चित्रपट जुना, कृष्णधवल. एक हातगाडीवाला गिरणीमालक होतो, घरी पंगतीवर पंगती उठतात, आणि धंदा बसल्यावर त्याच्या दारात कुणी उभे राहत नाही.

भोंगवलीच्या उपसरपंचांनी नेमका हाच चित्रपट मागितला. मीही सरांबरोबर गेले; तिथे पोचल्यावर चहाच्या टपरीवर कारण कळले. गावातल्या अण्णांचे हायवेलगतचे मंगल कार्यालय रस्ता रुंद झाल्यावर बंद पडले होते. "अण्णांचं इमान हवेतनं खाली उतारलं, आता पडद्यावर बगू," असे कुणीतरी म्हणाले आणि टपरी हसली. मला राग आला. चित्रपट बदलू या, असे मी सुचवले. सर म्हणाले, "बदलला तरी का बदलला ते सगळ्यांना कळणारच. ज्यांचा प्रश्न आहे त्यांना विचारू."

आम्ही अण्णांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "घर इकून पुन्याला लेकाकडं जायाचं म्हंत्यात. उंबऱ्याभाईर पाऊल न्हाई." सरांनी काहीही न लपवता सगळे सांगितले आणि विचारले, "दाखवू का? तुम्ही नको म्हणालात तर परत जातो."

अण्णा म्हणाले, "दावा. म्या म्होरं बसतो."

समाजमंदिर भरले होते. मध्यंतरात सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. सगळ्या माना अण्णांकडे वळल्या. अण्णा उठले. "मालक म्या, ह्ये समद्यांनी ठरवलंयच. पन पंगतीत जेवनारी ती मानसं कोन, त्येबी सांगा की कुनी."

त्या गावातले कोणते लग्न अण्णांच्या कार्यालयात लागले नव्हते? कुणी बोलेना. सरही बोलले नाहीत. त्यांना गप्प बसता येते, आणि ही कला आमच्या पेशात दुर्मीळ आहे. शेवटी उपसरपंच हातातला चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "अण्णा, त्यातला म्या." मागून आणखी एक जण उठला, मग दोन बायका.

उत्तरार्धात मालक कोसळला तेव्हा कुणी हसले नाही. खेळ संपल्यावर चादरी सोडायला उपसरपंच आणि अण्णा एकाच खिडकीशी उभे होते. घर विकले गेले नाही.

सरांविषयी मला प्रेम आहे. हे एरवी सांगण्याची सोय ते ठेवत नाहीत, म्हणून इथे लिहिते. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. ते भोंगवलीला केव्हाही जावोत, अण्णा त्यांना घरीच भेटतील.