विष्णुपंतांचा आवाज

राजसी बदलापूर गावात राहते आणि पोटापाण्यासाठी एका कंपनीचं काम घरूनच करते. पण तिची ओळख 'वाचक'वाली राजसी अशीच. 'वाचक' हा अंधांसाठीचा फुकट प्रोग्राम. संगणकावरचं मराठी तो मोठ्यानं वाचून दाखवतो. तिनं आणि अंबरनाथच्या अभिजीतनं मिळून तो बांधला. दोघंही हट्टी, आणि भांडायचं झालं तर इंटरनेटवर, चारचौघांत, अत्यंत सभ्य भाषेत लेखी भांडणारे. आपला कोड सगळ्यांना खुला ठेवणाऱ्या ओपन सोर्सवाल्यांची रीतच ही. समोरासमोर एका चहात मिटलं असतं ते वर्षभर चालतं.

आवाज अभिजीतच्या वडिलांचा. विष्णुपंत मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात अधिकारी होते. निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता आणि गळा खणखणीत. रेकॉर्डिंगमध्ये आवाज घुमू नये म्हणून खोलीत गोधड्या टांगून त्यांनी राजसीसमोर वाक्यांमागून वाक्यं वाचली. संगणक बंद होताना प्रोग्रामनं निरोप घ्यावा, ही अभिजीतची कल्पना. त्यानं 'जातो' लिहून दिलं होतं. ते वाचायला विष्णुपंतांनी साफ नकार दिला. घरातून निघताना कुणी जातो म्हणतं का, येतो म्हणावं. मग 'येतो'च ठेवलं. काम संपलं तेव्हा ते राजसीला म्हणाले, "मी गेल्यावर माझ्या तोंडी माझं नसलेलं काही घालायचं नाही. शब्द दे."

"दिला, काका."

इथंच ती चुकली. आवाजासकट सगळा प्रोग्राम कुणीही घ्यावा, कुणीही बदलावा, अशा परवान्यानं तिनंच खुला केला होता, आणि त्याचा तिला भारी अभिमान. जे सगळ्या जगाला देऊन टाकलं, त्याच्याबद्दल शब्द कसला देणार? पण हे त्या वेळी तिच्या डोक्यातच आलं नाही.

विष्णुपंत गेले. वर्ष सरायच्या आत अभिजीतनं नवी आवृत्ती आणली. आवाज तोच, पण त्याला एआयचं मॉडेल जोडलेलं, आणि आता तो नुसता वाचत नव्हता. काही विचारलं तर आपल्या मनानं उत्तरही देत होता. राजसीनं विरोध लिहिला. अभिजीतनं लिहिलं, लोकांना हेच हवंय. प्रोग्रामला हातभार लावणाऱ्या बाकीच्यांनी त्याच्या बाजूनं अंगठे वर केले आणि विषय बंद झाला.

मग शहाडहून हिरामणचा फोन आला. जन्मांध माणूस, 'वाचक' रोज वापरणारा. "मॅडम, काल संगणक बंद करताना काका 'जातो' बोलले. ते असं कधी बोलत नव्हते. मला कसंतरीच झालं."

राजसीनं सगळा कोड चाळला. 'जातो' कुठंच नव्हतं. निरोपाला 'येतो'च होतं. अभिजीतला विचारलं, तर त्याच्याकडेही तशा तक्रारी आल्या होत्या. मॉडेल आहे, बोलतं कधी काहीही, असं तो म्हणाला. पण म्हणताना अडखळला.

आता एकच वाट उरली होती, फोर्क करायची. म्हणजे जुन्या आवृत्तीची अख्खी नक्कल घेऊन वेगळी चूल मांडायची. भाऊ वेगळे निघतात तेव्हा भांड्याकुंड्यांच्याही वाटण्या होतात. इथं वाटणी नाहीच, दोघांनाही सगळंच्या सगळं मिळतं. जुने, नुसतं वाचणारे विष्णुपंत राजसीला जपायचे होते, म्हणजे एका ठिकाणी तरी शब्द पाळला गेला असता. पण अभिजीतच्या आईला, मधुकाकूंना, न सांगता त्यांच्या नवऱ्याचा आवाज उचलून न्यायचा, हे तिला पटेना.

दुपारी ती अंबरनाथला गेली. काकू गवार मोडत बसल्या होत्या. समोर फोन उभा करून ठेवलेला, आणि त्यातून विष्णुपंत भाजीत गूळ घालायला सांगत होते. राजसी दारातच थबकली. काकू मात्र खुशीत होत्या. अभिजीतनं बसवून दिलंय, म्हणाल्या, घर भरल्यासारखं वाटतं. राजसीनं जमेल तसं समजावलं, दिलेला शब्दही सांगितला. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला काय विचारतेस?" त्या म्हणाल्या. "आवाज ह्यांचा. ह्यांनाच विचार."

हे यंत्र आहे, आपणच भरलेल्या वाक्यांवर वाढलेलं, असं राजसी मनाशी घोकत राहिली. काकू शेंग हातात धरून वाट बघत होत्या. शेवटी ती फोनकडे वाकली.

"काका, मी वेगळी होऊ?"

मग तो ओळखीचा, खणखणीत आवाज आला.

"हो की. मी दोन्हीकडे असेनच. मला आता कुठं जाता येतंय?"

काकूंनी मान डोलावली आणि पुन्हा शेंगा मोडायला घेतल्या.

राजसीनं त्याच संध्याकाळी फोर्क केला. हिरामण आणि त्याच्यासारखे पुष्कळ जण तिच्याकडे आले. जुने काका परत मिळाले म्हणून त्यांनी भरभरून आभार मानले. शब्द पाळला, असं तिला मात्र वाटत नाही. एका घरात अडकलेल्या माणसाला आपण दुसऱ्याही घरात कोंडलं, असं वाटतं, आणि त्याची भीती वाटते. प्रोग्रामची चाचणी ती आवाज बंद ठेवूनच करते.