धनीणबाईचं कपाळ

चंदनबाला मगदूमच्या शिलाई मशीनचं तोंड सात वर्षं भिंतीकडं होतं. नवरा गोमटेश उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला, त्या वर्षी घरातल्या शहाण्या माणसांनी मशीन पुढच्या सोप्यातून उचललं आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. विधवा बाईनं येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर बसू नये, एवढाच त्यातला विचार. पण तो कुणी तोंडानं बोललं नाही. “मागं उजेड चांगला हाय,” असं सांगितलं. मागच्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यातून शेजाऱ्यांची म्हैस दिसायची.

गावातल्या बायका मग मागच्या दारानं येऊ लागल्या. फॉल, पिको, उसवलेलं, घट्ट झालेलं, सगळं चंदनबालाकडं. लग्नाचा ब्लाऊज तेवढा सांगलीला जायचा. नवरीच्या आईचा ब्लाऊज तिनं शिवलेला चालायचा, नवरीच्या आजीचाही चालायचा, पण नवरीच्या अंगाला विधवेची सुई लागायला नको. हेही कुणी बोलत नव्हतं. ब्लाऊजपीसच यायचा नाही, की समजून घ्यायचं. चंदनबाला समजून घ्यायची आणि आतल्या आत धुमसायची.

अशात टीव्हीवर ‘गडाची धनीण’ ही ऐतिहासिक मालिका सुरू झाली. संध्याकाळी आठ ते साडेआठ. एक गड, त्याचा राजा, त्याची राणी. गडावरची माणसं तिला धनीणबाई म्हणायची. गोष्ट खरी होती की लिहिणाऱ्याच्या डोक्यातली, देव जाणे. चंदनबाला सुरुवातीला शिंप्याच्याच नजरेनं बघायची आणि खोड्या काढायची. “आवं आत्या, बघा बघा,” ती सासूला म्हणायची, “धनीणबाईच्या चोळीला पाठीमागं चेन हाय! तीनशे वर्सांमागं कुटल्या दुकानात गावली म्हणायची?” सासू कानानं कमी. तिला चोळीही कळली नाही नि चेनही.

पुढं मालिकेतला राजा लढाईत पडला. गडाला वेढा होता. दरबारी मंडळी हळहळली आणि राणीला अदबीनं म्हणाली, बाईसाहेब, आता आपण आतल्या महालात बसावं, बाकीचं आम्ही बघतो. दुसऱ्या दिवशीच्या भागात धनीणबाई पांढऱ्या लुगड्यात, उघड्या कपाळानं सरळ सदरेवर आली, गादीवर बसली आणि एकच प्रश्न विचारला, “तोफा कुणाच्या ताब्यात आहेत?”

चंदनबालाच्या हातातला मटाराचा दाणा हातातच राहिला. भाग संपला, जाहिराती लागल्या, ती उठली. मागच्या खोलीत गेली आणि मशीन एकटीनं ओढत फरशीवरून सोप्यात आणलं. फरशीवर दोन पांढरे ओरखडे उमटले, ते आजही आहेत. दीर जेवण अर्धवट टाकून बाहेर आला. “वैनी, ह्ये काय?”

“मागं उजेड कमी झालाय,” चंदनबाला म्हणाली.

त्या दिवसापासून मशीन सोप्यात आहे. आणि त्या दिवसापासूनच तिच्या हाताला बाहुल्यांचं वेड लागलं. पहिली बाहुली अर्थातच धनीणबाईची. जुन्या धोतराच्या चिंध्या तारेवर गुंडाळून अंग केलं, चेहऱ्यात कापूस भरला, डोळे काळ्या दोऱ्यानं भरले. पांढरं लुगडं नेसवलं, काष्टा घालून. कपाळ कोरं ठेवलं. मग एकटीच काय करील म्हणून मावळे आले, तोफा आल्या. ब्लाऊजच्या हुकांत हुक अडकवून तिनं चिलखतं विणली. एका चिलखताला चारशे हुक लागले. कोटाची मोठी काळी बटणं ढाली झाली, त्यांना चार भोकं आधीच होती. घोडे जोंधळ्याच्या ताटातल्या गाभ्याचे, तलवारी मोडक्या सुयांच्या. गावातली माणसं सोप्यापुढनं जाताना थांबायची. काही हसायची. “चंदनाक्का, लढाई कवा हाय?” असं विचारायची. “तुमी उधारी दिल्यावर,” असं ती सुईवरची नजर न काढता सांगायची.

एकदा तर मालिकेचं शूटिंग साताऱ्याकडं कुठल्याशा माळावर चाललंय असं कळलं, तर बाई पहाटेची एसटी धरून गेली. लांबून दोरीपलीकडून गड बघितला. थर्माकोल आणि प्लायवूडचा. बुरूज वाऱ्यानं हलत होता आणि दोन माणसं तो पाठीमागनं धरून उभी होती. तिनं घरी येऊन जाहीर केलं, “माझा गड पक्का हाय. त्यांचा न्हाई.”

मध्यंतरी ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद केल्याचा ठराव केला. ठराव चांगलाच होता. फ्रेम करून कार्यालयात लावला. मग पाहुणे बोलावले, मंडप घातला आणि दहा विधवा बायकांना कुंकू लावून फोटो काढायचं ठरलं. सदस्य घरी आले. गावात चंदनबालासारखी धीट बाई दुसरी नाही, पहिला मान तिचा, म्हणाले. ती म्हणाली, “फुटूसाठी न्हाई लावून घ्यायची मी. कपाळ माझं हाय. मला वाटंल तवा मी लावतो.” सदस्यांनी दुसऱ्या कुणाला तरी मान दिला. आता ठरावाच्या बाजूची एकही बाई तिच्याशी बोलेना, आणि विरोधातल्या तर आधीच बोलत नव्हत्या. तिचं त्यावाचून काही अडलं नाही.

अशा बाईच्या भाचीचं गेल्या वर्षी लग्न ठरलं. भाऊ आदगोंडा त्याच गावातला, तिच्याहून दोन वर्षांनी लहान. त्याची एकुलती एक मुलगी प्रियदर्शनी, नवरा मुलगा इस्लामपूरचा अरिहंत, लग्न सांगलीत विश्रामबागेतल्या कार्यालयात. आदगोंडानं रुखवत भाड्यानं सांगायचं ठरवलं होतं. हल्ली मिळतं तसं. मोत्यांची पालखी, सुपारीची वरात, सगळं येतं, मांडतात, फोटो होतात, संध्याकाळी टेम्पोत भरून दुसऱ्या लग्नाला जातं. नवरीबरोबर सासरी जायला काही उरतच नाही. प्रियदर्शनी म्हणाली, “रुखवत आत्याचंच. न्हाईतर टेबल मोकळं ठेवा.”

आदगोंडा वाईट माणूस नाही. फक्त चारचौघांत आवाज चढला की त्याचं पोट दुखतं. तो बहिणीकडं आला, बराच वेळ बटणांच्या ढाली हातात फिरवत बसला आणि म्हणाला, “अक्का, कर. पर कुणी केलं त्ये पाटीवर लिवू नगंस.”

चंदनबालाला ते लागलं. पण भाचीसाठी तिनं गिळलं. पाच महिने खपून तिनं वेढ्याचा पूर्ण देखावा केला. तीन हात लांब गड, तटावर साठ मावळे, खाली शत्रूचे तंबू आणि मधोमध, सदरेवर, तीच पहिली धनीणबाई. पाटी लावलीच नाही. पाटीची गरज होती कुठं? तसलं काम तिच्याशिवाय दुसरं कोण करणार?

लग्नाच्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी कार्यालयात जाऊन देखावा मांडून आली आणि दारात थांबली. दारात मुली अत्तर, पेढा आणि हळदीकुंकू घेऊन उभ्या होत्या. येणाऱ्या बायकांना कुंकू लावत होत्या. चंदनबाला नवरीची सख्खी आत्या. कुंकवाची वाटी तिच्या पुढ्यात आली, थबकली, आणि शेजारच्या बाईच्या कपाळाकडं गेली. वाटी धरणारी मुलगी कॉलेजात शिकणारी. तिनं वर “सॉरी हां, आज्जी” असंही म्हटलं. चंदनबालाचं वय चौपन्न.

नऊच्या सुमाराला इस्लामपूरकर मंडळी रुखवत बघायला आली. पुढं नवऱ्या मुलाची आई, सुंदरीबाई. ठसठशीत बाई, बोलायला गोड, आणि गोड बोलूनच घर मुठीत ठेवलेलं. तिनं घोडे बघितले, चिलखतं बघितली, “आगं बया, हुक हायत की ह्ये!” म्हणून खरोखरीच हरखली. बघत बघत मधोमध आली आणि तिचं हसू मावळलं.

“ही कोण?”

“धनीणबाई,” चंदनबाला म्हणाली. “शिरेलीतली.”

“त्ये कळलं. पर हिचं कपाळ?” सुंदरीबाईनं आवाज खाली आणला. “मी बी बघितलीया मालिका. पर लगीन हाय आक्का आज. असली बाहुली रुखवतात? आमच्या घरात यायची हाय ती.”

आदगोंडा कुठून तरी धावत आला. बहिणीच्या कोपरापाशी येऊन पुटपुटला, “अक्का, बाजूला ठेव की. एक बाहुली तर हाय. बाकी साठ राहत्यात.”

“ती काढली तर ह्या साठ जणांनी लढायचं कुणासाठी?”

“मग टिकली लाव,” तो काकुळतीला आला.

“व्हय, काढायची कशाला,” सुंदरीबाई लगेच म्हणाली. तिनं पर्स उघडली. टिकल्यांचं पाकीट काढलं, त्यातली एक लाल टिकली अनामिकेवर घेतली. कुणाचं वाईट करतोय असं तिच्या मनातही नव्हतं. तिचा हात तटावरून, मावळ्यांच्या डोक्यावरून, धनीणबाईच्या चेहऱ्यापर्यंत गेला.

चंदनबालानं तो मनगटापाशी धरला.

हातातलं टाकून सगळ्या बायका जवळ सरकल्या. सनईवाला तेवढा वाजवत राहिला. आदगोंडानं पोटावर हात ठेवला. चंदनबालाला भाची दिसली. नवरीच्या खोलीच्या दारात मुंडावळ्या बांधलेली प्रियदर्शनी उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर भीती होती. आपल्यामुळं लग्न मोडलं तर जन्मभर हिच्यापुढं तोंड दाखवता येणार नाही, हे चंदनबालाला त्या क्षणी स्वच्छ कळलं. हात सोडावा असं वाटलं. मग ती वाटी आठवली.

“विहीणबाई,” ती म्हणाली, आणि आवाज तिनं मुळीच खाली आणला नाही, “सकाळी दारात कुंकवाची वाटी माझ्या म्होरनं गेली. माझ्या कपाळाला चालत न्हाई म्हणून. आन् ह्या कापसाच्या बाईला नगं म्हटलं, तर तिला लावल्याबिगार चालत न्हाई? जित्या बाईचं एक आन् चिंधीच्या बाईचं एक? लावा टिकली. मी आडवत न्हाई. पर आधी मला लावा. माझ्या कपाळाला लावा, मग तिच्या.”

तिनं मनगट सोडलं आणि कपाळ पुढं केलं.

सुंदरीबाईचा हात हवेत राहिला. टिकली बोटावर होती, कपाळ वीतभर अंतरावर होतं. तिनं भोवती बघितलं. इस्लामपूरच्या जावा, नणंदा, सगळ्या तिच्याकडं बघत होत्या आणि एकीचीही मान होकारानं किंवा नकारानं हलली नाही. सुंदरीबाईला ते जमलं नाही. वाईट नव्हती ती, पण जमलं नाही. टिकली बोटावर तशीच धरून ती वळली आणि म्हणाली, “चला, मुहूर्ताला उशीर नगं.”

बारा वाजता अक्षता पडल्या. लग्न मोडलं नाही. अशा गोष्टींनी लग्नं मोडतात असं आपण उगीच समजतो आणि तोंडं शिवून बसतो. चंदनबाला पहिल्या ओळीत बसली, जिथं आत्यानं बसायचं तिथं. आदगोंडा दोन वेळा येऊन “मागं पंखा चांगला हाय” म्हणून गेला. ती हलली नाही. धनीणबाई कोऱ्या कपाळानं सदरेवर उभी राहिली, आणि संध्याकाळी रीतीप्रमाणं सगळ्या रुखवतासकट नवरीबरोबर इस्लामपूरला गेली.

ते गेल्यावर मात्र चंदनबालाला रुखरुख लागली. आपण इथं, बाहुली तिथं. तिथं तिच्या कपाळाकडं येणारा हात धरायला कोण आहे? प्रियदर्शनी फोनवर सगळं सांगायची, बाहुलीचं विचारलं की “हाय की, शोकेसमधी” एवढंच म्हणायची आणि विषय बदलायची.

तीन महिन्यांनी ती स्वतःच इस्लामपूरला गेली. सुंदरीबाईनं दारात येऊन हात धरून आत नेलं, पाणी दिलं, चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेली. हॉलमध्ये मोठं शोकेस होतं. काचेआड गड जसाच्या तसा मांडला होता, धूळसुद्धा पुसलेली. मधोमध धनीणबाई. आणि तिच्या कपाळावर लाल टिकली.

प्रियदर्शनी खाली बघत म्हणाली, “आत्या, मी सांगणार व्हतो. आल्या दिवशीच लावली त्यांनी. मला बोलायचा धीर न्हाई झाला.”

चंदनबाला भाचीला एका शब्दानंही बोलली नाही. तिनं शोकेसची काच सरकवली. एकही मावळा न पाडता हात आत घातला आणि नखानं टिकली अलगद सोडवली. कापडावर डिंकाचा बारीक डाग राहिला, तो थुंकी लावून पुसला. धनीणबाईचं कपाळ पुन्हा तिचं झालं.

टिकली बोटावर होती. चिकटपणा अजून शिल्लक होता. शोकेसच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसत होता, गडाच्या अगदी वर. तिनं टिकली उचलली आणि आपल्या दोन भुवयांच्या मधोमध बसवली. नीट बसली का बघितलं. अंगठ्यानं दाबली.

सुंदरीबाई कपबशा घेऊन आली आणि उंबऱ्यावरच थांबली. आधी बाहुलीकडं बघितलं, मग विहिणीच्या कपाळाकडं. “आक्का, ह्ये... ह्ये काय?”

“तिला नगं व्हती,” चंदनबाला सोफ्यावर ऐसपैस बसत म्हणाली. “मला आज वाटलं, मी लावली. द्या चहा, निवतोय.”