आरोप लाल, खुलासा निळा

टीका झाली की उत्तर देणारे जगात पुष्कळ असतील, पण कोणी अजून केलेलीच नाही अशा टीकेलाही आगाऊ उत्तर देऊन ठेवणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीने कागदावर पाय दिल्यासारखं, त्यामुळे ती सगळी उत्तरं लिहायचं काम माझ्या नशिबी आलं. हा माणूस म्हणजे आमच्या संघटनेचे अध्यक्ष. संघटना तरी केवढी, तर ब्रह्मपुरीच्या बाजूची पाच-पन्नास शेतमजूर आणि तेंदूपत्ता तोडणारी माणसं, एक सतरंजी, एक पत्र्याची पेटी आणि मी. मी बोर्ड रंगवणारा. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची वाक्यं, लग्नघराच्या भिंतीवरचे गणपती, यावर माझं पोट. अक्षर वळणदार एवढाच काय तो माझा गुन्हा, पण त्याची शिक्षा मी वीस वर्षं भोगली.

अध्यक्ष मूळचे पोस्टमन. सारी नोकरी त्यांनी धानाच्या बांध्यांवरून सायकल ढकलत काढली. ज्याचं पत्र त्याच्याच हातात द्यायचं आणि रजिस्टर असेल तर पोचेची सही घ्यायची, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. निवृत्त झाल्यावर पत्रं सुटली, सही काही सुटली नाही. चहाच्या टपरीवर कोणी सहज म्हणावं, की अध्यक्ष, आज उशीर केला, तर हे बाकावर नीट मांडी घालून उशिराची कारणं क्रमाने सांगायचे आणि शेवटी खिशातली वही काढून त्या माणसाची सही घ्यायचे, ऐकल्याबद्दल. एकट्या टपरीवाल्याच्याच चाळीसेक सह्या त्या वहीत असतील. एकदा कांदे आणायचे विसरले म्हणून वहिनी दोन शब्द बोलल्या, तर संध्याकाळी मला घरी बोलावून त्यांनी दोन कलमी खुलासा लिहून घेतला. वहिनींनी तो न वाचताच चुलीत सारला, मला चहा दिला आणि म्हणाल्या, "पेंटर, तुमी तरी याईच्या नादी काऊन लागता?"

त्यांचा दुसरा नियम असा, की आरोप जसा आला तसाच पुढे सांगायचा, एका शब्दाची काटछाट नाही. विरोधकाचं म्हणणं मिळमिळीत करून सांगणं म्हणजे दुसऱ्याचं पत्र फोडून वाचल्यासारखं पाप, असं ते मानत. म्हणून सभेत आरोप वाचताना त्यांचा आवाज दंडारीच्या खेळातल्या राजासारखा चढायचा, आणि स्वतःचा खुलासा आला की एकदम खाली यायचा, कारण स्वतःचं मोठ्याने सांगणं त्यांना बरं वाटत नसे. लोक आरोपाला टाळ्या वाजवून खुलाशाला उठून जायचे. मी हे त्यांना किती वेळा सांगितलं असेल! त्यावरही त्यांनी मला खुलासा दिला आणि माझी सही घेतली.

नव्वदीच्या दशकात बायकांच्या राखीव जागा आल्या, आणि पंचायत समितीला आमचा गण, म्हणजे अकरा गावांचा मतदारसंघ, राखीव निघाला. संघटनेने शेवंताबाईला उभं केलं. शेवंताबाई रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या कामाला जाणारी, बोलायला कमी आणि ऐकायला पक्की. तिच्या गावाला नाला आडवा. पावसाळ्यात तो भरला की गाव तोडल्यासारखं एका बाजूला पडायचं. तिची जाऊ बाळंतपणात अडली तेव्हा बैलगाडी त्या नाल्याच्या काठावर सकाळपासून दुपारपर्यंत उभी होती. दुपारी पाणी उतरलं, पण तोवर दवाखान्यात न्यायची गरज उरली नव्हती. शेवंताबाईला निवडून यायचं होतं ते त्या नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका पूल बांधायला, बाकी कशालाही नाही. सभेत तिला बोल म्हटलं की ती तेवढंच बोलून खाली बसायची.

विरोधकांनी एक पत्रक काढलं. त्यात तीन आरोप होते. पहिला, शेवंताबाईला सहीसुद्धा करता येत नाही. दुसरा, संघटनेवाले नुसती निवेदनं देतात, काम काडीचं नाही. तिसरा, अध्यक्षांनी निवडणुकीच्या जोरावर नवी सायकल घेतली. हे पत्रक वाटलं फक्त एका आठवडी बाजारात, आणि उरलेल्या गठ्ठ्यात भजीवाल्याने भजी बांधून दिली. दोन दिवसांत सारे विसरले असते. पण पत्र आलं होतं ना! पोच द्यायलाच हवी होती. अध्यक्ष रात्रभर येरझारा घालत होते म्हणे. सकाळी माझ्या दारात उभे, सोबत रंगाचे दोन डबे. गणातल्या अकराही गावांत भिंती रंगवायच्या, आरोप लाल रंगात आणि खुलासा निळ्या रंगात, म्हणजे वाचणाऱ्याची गफलत होणार नाही.

आता लाल आरोप तीन ओळींचे आणि खुलासा पाऊण भिंतीचा. सायकल जुनीच असून फक्त रंग नवा आहे, हे साखळीपासून घंटीपर्यंत पटवून दिलेलं. आजवरच्या निवेदनांची जंत्री. आणि सगळ्यात खाली, गुडघ्याच्या उंचीवर, शेवंताबाई साक्षरतेच्या वर्गात बसून सही शिकली आहे, कोणीही येऊन पाहावं, हे एक वाक्य. जागाच उरली नाही म्हणून निशाणी शिलाई मशीन मी कोपऱ्यात तळहाताएवढी काढली. ती मशीन कमी आणि शेळी जास्त दिसत होती. तिसऱ्या गावात निळा रंग संपत आला, तसा मी त्यात पाणी घालत गेलो. सहाव्या गावानंतर खुलासा भिंतीवर आहे की नाही हे हात लावून पाहावं लागे. लाल मात्र अस्सल होता. रस्त्याने जाणाऱ्या जीपमधूनसुद्धा स्वच्छ वाचता यायचं, शेवंताबाईला सही येत नाही. मला हे दिसत नव्हतं असं नाही. पण उन्हातान्हात अकरा गावं रंगवून जीव इतका विटला होता, की म्हटलं मरो, अध्यक्षांच्या नादी आता कोण लागतो. माझी चूक म्हणाल तर ही.

शेवटच्या गावात एका म्हातारीने मला विचारलं, की ह्या बाईले सई येत नाई म्हंते, मंग तिले उभं काऊन केलं? त्या गावात ते पत्रक कधी पोचलंच नव्हतं. ते मीच पोचवलं होतं, वळणदार अक्षरात.

शेवंताबाई एकोणीस मतांनी पडली. निकालानंतर आम्ही तिच्या घरी गेलो. अध्यक्षांनी वाटेतच पराभवाची सात कारणं जुळवून ठेवली होती. तिने आम्हांला जयभीम केला, पाणी दिलं, आणि ते तोंड उघडणार तेवढ्यात शांतपणे म्हणाली, "भाऊ, तुमी साऱ्याइले खुलासा देल्ला. पण शेवंताले मत द्या, असं एकालेबी नाई म्हटलं." अध्यक्षांनी अर्धी काढलेली वही पुन्हा खिशात सारली. तो माणूस सही न घेता उठलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि खरं सांगतो, मला त्यांची फार दया आली. येताना सायकलवर बसायचंही ते विसरले, हातात धरून पायीच चालत आले.

पुढच्या निवडणुकीत आरक्षण फिरलं. शेवंताबाईची पाळी गेली ती गेलीच. अध्यक्ष मात्र दर पावसाळ्याच्या आधी रपट्याचं निवेदन घेऊन तहसिलीत जात राहिले, गुडघे गेले तरी. रपटा झाला, पण तो पुष्कळ वर्षांनी आणि दुसऱ्याच कोणाच्या नावाने. उद्घाटनाला आम्हांला कोणी बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष म्हणाले, पेंटर, चाल. नाल्यावर पोचलो तेव्हा पलीकडून बायका रोवण्याला येत होत्या, त्यात शेवंताबाई होती. केस पिकलेले, हातात पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची पेंढी. अध्यक्षांनी वही काढली आणि एक पान उघडून तिच्यापुढे धरलं. वर निकालानंतर तिने ऐकवलेलं ते वाक्य लिहिलेलं होतं. खाली कोरं.

"खुलासा नाई, बाई," ते म्हणाले. "चुकलं माह्यं."

तिने पेंढी रपट्यावर ठेवली, चिखलाचा हात लुगड्याला पुसला आणि विचारलं, "सई कुठी करू, भाऊ?"

अध्यक्ष जाऊन आता दोन वर्षं झाली. वही वहिनींनी माझ्याकडे आणून दिली, म्हणाल्या, तुमचंच तर अक्षर हाय सारं. सारं नाही. त्या एका पानावरचं वाक्य त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं नव्हतं, ते त्यांच्या त्या कोंबडीच्या पायांनी लिहिलेलं आहे. आणि त्याच्या खाली शेवंताबाईची सही, पूर्ण नावाची, पेन्सिल दाबून केलेली, पानभर.